मुंबईत पर्यावरणपूरक अंत्यसंस्कार: कोणते पर्याय खरंच हाताशी आहेत?

सायली_मुलुंड

विषय जड आहे, पण इथेच विचारावासा वाटला.

माझे बाबा ७९ वर्षांचे आहेत, तब्येत उत्तम. त्यांनी घरात स्पष्ट सांगून ठेवलंय की माझ्यासाठी झाड जाळायचं नाही. आईला हा विषय काढलेलाही आवडत नाही. भाऊ म्हणतो, वेळ आली की बघू. पण वेळ येते तेव्हा कुणीच काही बघत नाही. शेजारचे काका ज्या स्मशानात फोन लावतात तिथे गाडी जाते आणि तिथे जे चालू असेल ते होतं. म्हणून आत्ताच माहिती काढून ठेवायची आहे.

पालिकेच्या स्मशानात एका चितेला साधारण ३०० किलो लाकूड देतात आणि ते मोफत असतं, एवढं कळलं. विद्युतदाहिनी आहे, पण वीज तरी कोळशातूनच येते ना? मग फरक किती? देहदानाबद्दल अर्धवट ऐकून आहे. हिंदूंना दफन करता येतं का? परदेशात म्हणे शरीराची माती करून देतात, त्यातलं इथे काही आहे का?

मतं सांगाच, पण मुंबईत प्रत्यक्ष केलेलं असेल तर ते आधी सांगा.

---

जुना_गिरगावकर

आईचं आम्ही चंदनवाडीला विद्युतदाहिनीत केलं. (आमच्या पिढीला ते सोनापूरच.) तिचीच इच्छा होती. गुरुजींना आधी विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, मंत्राग्नी देता येतो, विधीत काही अडत नाही.

देह लोखंडी ट्रॉलीवर ठेवतात, ट्रॉली रुळांवर असते. छातीवर कापूर ठेवून पेटवला, पाणी फिरवलं, मडकं फोडलं. मग दार वर गेलं, आतल्या लालभडक विटा दिसल्या, ट्रॉली आत गेली आणि रिकामी बाहेर आली. हे फार पटकन होतं. चितेजवळ कपाळमोक्ष होईपर्यंत थांबायची सवय असलेल्या आमच्या मामांना ते जड गेलं. "एवढ्यात झालं?" असं सारखं विचारत होते. सोबत येणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे धक्का बसत नाही.

अस्थी त्याच दिवशी मिळाल्या. राख सावडायला पुन्हा जावं लागलं नाही.

---

नीलमोहर

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या घरीही हीच चर्चा अर्धवट पडून आहे.

---

अवधूत_ठाणे

मी उलट बाजू मांडतो, राग नसावा.

आयुष्यभर एसी, गाडी, दर वर्षी विमानप्रवास, आणि शेवटच्या ३०० किलो लाकडावर येऊन आपल्याला पर्यावरण आठवतं. अंत्येष्टी हा संस्कार आहे. मुलाने हातात अग्नी घ्यायचा, चितेभोवती फिरायचं, ती पेटताना बघायची, यातून माणूस मृत्यू स्वीकारतो. वडिलांच्या चितेसमोर बसलो होतो तेव्हा माझ्या मनाने ते गेल्याचं खरं मानलं, त्याआधी नाही. गिरगावकरांच्या मामांनी जे विचारलं तेच मीही विचारलं असतं.

आणि लाकूड पुन्हा उगवतं. कोळसा उगवत नाही.

---

प्रभादेवीची_काकू

अवधूत, तुझं म्हणणं मनापासून पटलं नाही तरी कळलं.

---

निवृत्त_अभियंता

माझा जन्म औद्योगिक भट्ट्यांमध्ये गेला, म्हणून कोळसा की लाकूड या मुद्द्यावर लिहितो.

उघड्या चितेत उष्णतेचा मोठा भाग वर हवेत आणि बाजूला निघून जातो. शरीर जळायला जितकी उष्णता लागते त्याच्या कितीतरी पट लाकूड त्यामुळे लागतं. पावसाळ्यात ओंडके ओले असले की आणखी लागतं, आणि मग रॉकेल, डिझेल, काही ठिकाणी चक्क टायर टाकतात. धूर खाली राहतो, शेजारच्या चाळीत जातो. लाकूड पुन्हा उगवतं हे अवधूत यांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, पण तेवढी झाडं कुणीतरी लावली आणि जगवली तरच. शिवाय धुरातले बारीक कण कर्बाच्या हिशेबात येत नाहीत. ते सरळ फुप्फुसात जातात.

विद्युतदाहिनीत उष्णताविरोधक विटांचं अस्तर असतं. भट्टी थंड असेल तर ती तापवायलाच काही तास आणि भरपूर वीज जाते. एकदा तापली की पुढच्या देहांना त्या मानाने थोडी पुरते. पहिल्या भाकरीला तवा तापवण्याचा वेळ लागतो, पुढच्या भराभर होतात, तसंच. म्हणजे जिथे दिवसभर वर्दळ असते त्या स्मशानातली दाहिनी पर्यावरणाला बरी. जिथे ती क्वचित पेटते तिथे तितकी नाही. मुंबईत वर्दळीची वाण नाही.

आपल्या शहराच्या विजेतला मोठा वाटा आजही ट्रॉम्बे-डहाणूसारख्या ठिकाणच्या कोळशाचा आहे, हे खरं. पण तो धूर उंच धुराड्यातून आणि राख पकडणाऱ्या यंत्रणेतून जातो. कुणाच्या गॅलरीत येत नाही.

मुंबईतल्या काही दाहिन्या आता विजेऐवजी पाइपच्या गॅसवर, म्हणजे पीएनजीवर चालतात. त्या लवकर तापतात आणि कॉइल जळून दाहिनी बंद पडायचा प्रश्न उरत नाही. माझं मत विचाराल तर आज मुंबईत दहनच करायचं असेल तर गॅसदाहिनी पहिली, वर्दळीची विद्युतदाहिनी दुसरी.

---

अवधूत_ठाणे

@निवृत्त_अभियंता, टायरचं मान्य. ते मीही पाहिलंय आणि लाज वाटली होती. पण चिताच हवी असणाऱ्याला मधला मार्ग काहीच नाही का?

---

निवृत्त_अभियंता

आहे, दोन आहेत.

एक, सुधारित चिता. दिल्लीची मोक्षदा ही संस्था १९९२ पासून यावर काम करते. लोखंडी जाळीचा उंच ओटा, खालून हवा खेळते, वर छप्पर आणि धुराडं. उष्णता आत राहते, म्हणून लाकूड १५० ते २०० किलोंत भागतं. अग्नी हातानेच द्यायचा, प्रदक्षिणा घालता येते, चिता समोर दिसते.

दुसरा, लाकडाच्या जागी ब्रिकेट. शेतातला पालापाचोळा, काड्या, भुसा दाबून केलेले ठोकळे. नागपुरात हे मोक्षकाष्ठ म्हणून रुळलंय. मुंबई पालिकेनेही १४ स्मशानभूमींत ब्रिकेट वापरायचं ठरवलं होतं. तुमच्या जवळच्या ठिकाणी मिळतात का ते आधी जाऊन विचारा. ब्रिकेट कोरडे असतात, त्यामुळे पावसाळ्यात ओल्या ओंडक्यांपेक्षा फार बरे जळतात. शेणाच्या ओंडक्यांचाही पर्याय काही शहरांत आहे.

---

शमा_रत्नागिरी

आमच्याकडे हा प्रश्नच नाही असं लोकांना वाटतं. थोडा आहे.

मुळात आमची पद्धत साधी. न शिवलेलं पांढरं सुती कफन, पुरुषाला तीन कापडं, बाईला पाच. पेटी नाही. शरीराला रसायन लावायचं नाही, जमेल तितक्या लवकर दफन. खड्ड्यात मय्यत ठेवली की वर तिरक्या फळ्या लावतात, म्हणजे माती थेट अंगावर पडत नाही, आणि मग माती लोटायची. प्रत्येकाने तीन मुठी. कबर पक्की बांधू नये असाच दंडक आहे, म्हणजे काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याच्या कामी येते. माझ्या आजोबांच्या जागी आता कोण आहे मला माहीत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

अडचण मुंबईची आहे. जागा कमी, माणसं जास्त. कबरीभोवती लाद्या आणि सिमेंट घालायची हौस वाढली की जागा कायमची अडते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं. आणि कोविडमध्ये ज्यांना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दफन केलं त्यांच्या जागा लवकर मोकळ्या झाल्याच नाहीत, असं आमच्या कब्रस्तानातले खोदणारे सांगतात. प्लास्टिकने मातीचं काम थांबवलं.

---

संवेदी_वसईकर

शमाताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहायलाच बसलो. आमच्याकडे प्लास्टिकच्या जागी पेटी होती.

वसईतल्या काही धर्मग्रामांनी (म्हणजे चर्चच्या पॅरिशनी) शवपेटीशिवाय दफन सुरू केलंय. पांढऱ्या कापडात गुंडाळून थेट मातीत. चर्चपासून दफनभूमीपर्यंत न्यायला एक सामाईक पेटी असते, ती परत येते. कारण सगळं मातीशी निगडित होतं. पॉलिश मारलेली प्लायची पेटी, पितळी कड्या, आत सॅटिनची गादी, हे वर्षानुवर्षं कुजत नाही. दफनभूमी लहान, तीच थडगी पुन्हा वापरायची असतात. उघडावं तर पेटी तशीच.

सुरुवातीला विरोध झाला. धर्माचा नव्हता. "पेटी नाही म्हणजे यांच्याकडे पैसे नव्हते असं लोक म्हणतील," हीच भीती. माझ्या आज्जीचं तर पक्कं होतं की तिला पेटीच हवी. फादरांनी रविवारच्या मिस्सेत समजावून सांगितलं, पण बदल झाला तो गावातल्या खात्यापित्या घरांनी आधी पेटी सोडली तेव्हा. मग कुणी कुणाला गरीब म्हणायचा प्रश्न राहिला नाही.

मुंबईत शिवडीसारख्या जुन्या दफनभूमीतही जागेची ओढाताण आहेच. आता बऱ्याच ठिकाणी काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि थडगं पुढच्याला देतात.

---

जुना_गिरगावकर

"खात्यापित्या घरांनी आधी सोडली" हे सोन्यासारखं वाक्य आहे. आमच्या वाडीतही दाहिनीचं तसंच झालं. दोन वजनदार घरांनी केलं, मग कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत.

---

कुमुद_परळ

देहदानाचं मी सांगते. बरीच वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं.

केईएम, जेजे, सायन, नायर या सगळ्या रुग्णालयांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र विभाग आहे. अर्ज तिथेच मिळतो. पण अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. माणूस गेल्यावर निर्णय घरच्यांच्या हातात असतो. एकाही जवळच्या नातेवाइकाने हट्टाने नाही म्हटलं तर आम्ही वाद घालत नाही. त्यामुळे सायली, बाबांचा अर्ज भरताना भावाची सही घ्या आणि आईशी बोला. सही महत्त्वाची, बोलणं त्याहून महत्त्वाचं.

देह स्वीकारत नाहीत ती कारणं आधी माहीत असू द्या: पोलीस केस, शवविच्छेदन झालेलं असणं, एचआयव्ही किंवा कावीळ ब यांसारखा संसर्ग, आणि देह फार उशिरा पोहोचणं. म्हणून दुसरी योजना तयार हवीच. घरी मृत्यू झाला तर आधी डॉक्टरांना बोलावून मृत्यूचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ४ए घ्या, मग विभागाला फोन.

नेत्रदान देहदानासोबत करता येतं. सहा तासांच्या आत. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत पंखा बंद, एसी असेल तर चालू, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. त्वचादानही होतं, मांड्या आणि पाठीवरचा पातळ थर काढतात आणि नीट बँडेज करतात. सायन रुग्णालयात त्वचापेढी आहे. भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर ती त्वचा बसते तेव्हा त्याच्या वेदना कमी होतात, हे मी वॉर्डात पाहिलंय.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. देहदान पर्यावरणासाठी करू नका. देह टिकवायला आम्ही फॉर्मालिन वापरतो आणि शेवटी अवशेषांचं दहनच होतं. ते विद्यार्थ्यांसाठी करा. पहिल्या दिवशी हात थरथरणारी पोरं वर्षअखेरीस त्या देहाला वाकून नमस्कार करून बाहेर पडतात. त्यासाठी करा.

---

नीलमोहर

कुमुदताई, दंडवत. हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

---

प्रभादेवीची_काकू

सगळे मोठ्या गोष्टी बोलताहेत, मी तिरडीवर येते. चाळीत आणि आता बिल्डिंगमध्ये, कुणी गेलं की मला बोलावतात. मर्तिकाचं सामान आणायला मीच पाठवते, म्हणून त्यात काय बदललं ते दिसतं.

पूर्वी बांबू, सुंभ, गवत, मडकं, पांढरं सुती कापड, तुळस, फुलं. सगळं जळणारं नाहीतर मातीत जाणारं. आता दुकानदार जो तयार संच देतो त्यात नायलॉनची दोरी असते, कापड पॉलिस्टरचं, त्यावर जरीची चकचकीत शाल, हार प्लास्टिकच्या दोऱ्यात आणि चंदेरी कागदात ओवलेला, गंगाजल प्लास्टिकच्या कुपीत. वर ऑफिसातून येणारी पुष्पचक्रं, मागे थर्माकोल. पॉलिस्टर जळतं तेव्हा वितळतं आणि त्याचा जो वास येतो तो चंदनाने झाकत नाही.

दुकानात स्पष्ट सांगायचं: संच नको, सुटं द्या. सुती कापड, सुंभ, मडकं, कापूर, तूप. मिळतं सगळं, मागावं लागतं. आणि ग्रुपवर निरोप टाकताना एक ओळ जास्तीची: कृपया पुष्पचक्र आणू नये, फूल आणायचं तर सुटं आणावं. मी हे तिघाचौघांच्या घरी केलं, कुणालाही वाईट वाटलं नाही. उलट एकाने विचारलं, मग पुष्पचक्राचे पैसे कुठे देऊ?

अत्तराची फवारणी करायचे डबे चुकूनही आत जाऊ देऊ नका. फुटतात.

---

शमा_रत्नागिरी

काकू, फुलांची चादर आमच्याकडेही तशीच प्लास्टिकवर ओवलेली येते. तुमचा निरोप मी आमच्या जमातीच्या ग्रुपवर टाकते.

---

बसवप्रिया

हिंदूंना दफन करता येतं का, हे सायलीताईंनी विचारलं होतं. आम्ही लिंगायत दफनच करतो. मूळ गाव सोलापूरकडचं. देहाला बसवून समाधी देतात, हातात इष्टलिंग, अंगाला विभूती, वर बेलाची पानं, जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, विधी करतात. खड्ड्यात विभूतीसोबत मीठही घालतात. लाकूड शून्य, धूर शून्य. गोसावी, नाथपंथी यांच्यातही समाधीच असते, आणि लहान मूल गेलं तर जवळजवळ सगळेच हिंदू पुरतात. म्हणजे माती परकी नाही.

पण मुंबईत आमच्यासाठी जागा मोजक्याच. बरेच जण देह गावी नेतात. रुग्णवाहिका रात्रभर चारशे किलोमीटर धावते, मागे दोन-तीन गाड्या. डिझेलचा हिशेब केला तर लाकूड वाचवल्याचं पुण्य कुठे राहतं? माझ्या काकांच्या वेळी मी हे घरात बोललो, तर बोलणी खाल्ली. मत अजूनही तेच आहे. जिथे राहिलो त्या शहराच्या मातीत जावं.

---

वकील_डोंबिवली

त्याला जोडून कायद्याचं. फार्महाऊसवर, स्वतःच्या जमिनीत करू का असं मला बरेच जण विचारतात. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार दहन-दफनाच्या ठरलेल्या जागेबाहेर परवानगीशिवाय अंत्यविधी करता येत नाही. कर्जत-मुरबाडकडे जमीन असली तरी ग्रामपंचायत आणि महसूल यंत्रणेला विचारल्याशिवाय करू नका. नंतर जमीन विकताना आणि भाऊबंदकीत हे प्रकरण फार चिघळतं.

---

हिंदू_कॉलनी

थोडं अवांतर. पर्यावरणपूरक म्हणायचं तर पारशांच्या दोखम्याइतकं (देह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायचा गोल मनोरा) पूरक काय असेल? लाकूड नाही, जमीन अडत नाही, गिधाडं काम करतात. आम्ही पारशी कॉलनीच्या शेजारी वाढलो, मित्राच्या आजीच्या वेळी मलबार हिलला डुंगरवाडीत, म्हणजे दोखमे आहेत तिथे, प्रार्थनेच्या बंगलीपर्यंत गेलो होतो. आत अर्थात जाता येत नाही.

पण गिधाडंच गेली. जनावरांना देतात ते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. डुंगरवाडीत मग सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवले, पण जून ते सप्टेंबर मुंबईत ऊन कुठलं? आता काही पारशी कुटुंबं दहन निवडतात. वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ पासून त्यांच्यासाठी प्रार्थनागृह आहे. २०२४ मध्ये रतन टाटांवरचे अंत्यसंस्कार वरळीलाच झाले.

एका औषधाने एका समाजाची अंत्यविधीची पद्धत मोडली, याचं मला आजही वाईट वाटतं.

---

निवृत्त_अभियंता

अवांतर नाही हे. विषयाच्या गाभ्यातलं आहे.

---

सिअ‍ॅटलची_मृणाल

शरीराची माती करणं हे मी राहते त्याच राज्यात सुरू झालं. वॉशिंग्टनने २०१९ मध्ये कायदा केला, अमेरिकेत पहिला. देह एका बंद पात्रात लाकडाचा भुसा, पेंढा, अल्फाल्फा गवत यांच्यात ठेवतात, हवा खेळती ठेवतात, सूक्ष्मजीव काम करतात आणि आतलं तापमान आपोआप चढतं. काही आठवड्यांत माती होते. हाडं नंतर बारीक करून त्यातच मिसळतात. कुटुंब ती माती बागेत नेतं किंवा जंगलाला देतं. एका सहकाऱ्याच्या आईची माती मी हातात घेतली आहे. काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या जंगलासारखा वास.

दुसरा प्रकार पाण्याचा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावात शरीर विरघळवतात, हाडं उरतात, ती वाळवून भुकटी करून देतात. डेस्मंड टुटू यांनी हीच पद्धत मागून घेतली होती. इंग्लंडमध्ये १९९३ पासून कार्लाइलला वनदफन आहे, थडग्यावर दगडाऐवजी झाड.

भारतात यातलं काही नाही, आणि मुंबईच्या जागेच्या भावात वनदफन शक्य वाटत नाही. पण मातीचं पात्र फार जागा घेत नाही. आरे किंवा भांडुपला पालिकेने एक प्रयोग करावा असं मला मनापासून वाटतं.

---

अवधूत_ठाणे

भुसा-पेंढ्यात ठेवणं माझ्या मनाला झेपत नाही, खरं सांगतो. पण मी आज मुद्दाम जवळच्या स्मशानात चक्कर मारून आलो. ब्रिकेटबद्दल विचारलं तर तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, लोक मागतच नाहीत, लाकूडच मागतात, म्हणून आम्हीही लाकूडच लावतो. आणि विद्युतदाहिनी बंद होती. कधी सुरू होईल ते त्यालाही सांगता येईना. घरच्यांनी ठरवून नेलं असतं आणि ती बंद निघाली असती तर त्यांनी काय करायचं?

---

जुना_गिरगावकर

निघण्याआधी फोन करायचा. हे काम शेजारच्या एका शांत डोक्याच्या माणसाला आधीच नेमून द्यायचं. दोन स्मशानांचे नंबर ठेवायचे. आमच्याकडे ते भाच्याने केलं होतं.

---

माळीण_बोरिवली

अस्थींबद्दल कुणी बोललं नाही. राख समुद्रात किंवा नदीत सोडली तर तिचा स्वतःचा त्रास फार नाही, त्रास सोबतच्या पिशवीचा, हाराचा, मडक्याला गुंडाळलेल्या प्लास्टिकचा. बाणगंगेच्या पायऱ्यांवर बघा कधी.

हल्ली झाडाखाली राख घालतात. चांगली कल्पना, पण सगळी राख एका रोपाच्या मुळाशी ओतू नका. ती आम्लविरोधी असते आणि त्यात क्षार फार असतात, कोवळं रोप करपतं. माती आणि शेणखतात भरपूर मिसळा, मूठभर घ्या, बाकी पसरून टाका. रोपही स्थानिक निवडा: करंज, कदंब, बहावा, ताम्हण. गुलमोहर नको.

---

नीलमोहर

माझं नाव बदलू का मग? माझ्यावर का राग!

---

माळीण_बोरिवली

नीलमोहर नाही गं, गुलमोहर म्हटलं. तू राहा.

---

सायली_मुलुंड

सगळ्यांचे आभार. हा धागा मी छापून बाबांना दिला. त्यांनी पेन घेऊन वाचला.

त्यांचं ठरलं असं. पहिलं, नेत्रदान आणि देहदान. म्हणाले, "नोकरीला लागलो म्हणून कॉलेज राहिलं, आता जाईन." आई यावर हसली, आणि या विषयावर ती पहिल्यांदाच आमच्याबरोबर बसली. तिने बाबांना विचारलं, पोरं खरंच नमस्कार करतात का? कुमुदताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तिला पुन्हा वाचून दाखवला. भाऊ सही करायला तयार आहे.

देहदान झालं नाही तर गॅस किंवा विद्युतदाहिनी, जी चालू असेल ती. सुती कापड आणि सुंभ, पुष्पचक्र नाही. अवधूतदादा, तुमच्यासाठी सांगते: अग्नी द्यायचा विधी भावाने करायचाच आहे, बाबांनी तसं लिहिलंय. राख मात्र समुद्रात नको, गावच्या बांधावर करंजाला.

हे सगळं एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय. एक प्रत शेजारच्या काकांकडे, कारण फोन तेच लावणार.

---

प्रभादेवीची_काकू

बरं केलंस. शेजारच्यांकडे प्रत हे मला सुचलं नव्हतं.

---

अवधूत_ठाणे

मी घरी ब्रिकेटची चिता असं लिहून ठेवलंय. मुलाने विचारलं, कुठे मिळतात ते? चौकशी त्यालाच करायला लावली. शिवाय आमच्या नगरसेवकाला पत्र देणार आहे, दाहिनी चालू आहे की बंद हे स्मशानाच्या फाटकावर आणि फोनवर रोज कळावं म्हणून. सह्या कोण देणार?

---

संवेदी_वसईकर

वसईची सही चालत असेल तर माझी घ्या.

---

शमा_रत्नागिरी

माझीही. दाहिनी आमच्या उपयोगाची नाही, पण धूर सगळ्यांचाच.

---

हिंदू_कॉलनी

एक राहिलं. वडिलांना पेसमेकर आहे. दाहिनीत चालतो का?

---

कुमुद_परळ

नाही. दहनाआधी काढावाच लागतो, मग चिता असो वा दाहिनी. बॅटरी तापली की फुटते, भट्टीच्या विटा तडकतात आणि जवळ उभ्या कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते. प्रमाणपत्र द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा. कॉलरबोनखाली छोटा छेद घेऊन ते काढून देतात. रुग्णालयात मृत्यू झाला तर तिथेच काढून घ्या. कागदावर वरच्या ओळीत लिहून ठेवा, घाईत हेच विसरतं.